रिकामे मनगट

पिंगळीच्या स्टेशनावर एक अनोळखी बाई आणि मी एकाच बाकावर गाडीची वाट पाहत होतो. तिच्या मांडीवर सात-आठ वर्षांची मुलगी होती. पदर कपाळावर ओढलेला, आणि हातांत एकही बांगडी नव्हती. पत्नी गेल्यापासून माझे लक्ष आधी बायकांच्या मनगटांकडे जाते. मी हलकेच विचारले, "मालकांना जाऊन किती दिवस झाले, ताई?"

ती हसली. "ते काय, चहा घेऊन यायलेत." पदर सरकला तेव्हा कुंकू दिसले. मी ओशाळलो.

"समदे तसंच समजतेत, काका. पोरीला काचेचा आवाज सोसत न्हाई. जवळ घेतलं की किंचाळायची. मला वाटायचं, हिला मीच नको हाय. लय देव केले. मग परभणीच्या डॉक्टरीणबाईनं सांगितलं, हा ऑटिझम हाय, ही अशीच ऱ्हाणार, पर हळूहळू शिकंल. घरी येऊन रडले आन् बांगड्या उतरवल्या. आता आपणहून मांडीवर येती."

"घरचे काही बोलले नाहीत?"

"सासूबाई म्हणल्या, जित्या नवऱ्याला मारलंस."

चहा घेऊन आलेला नवरा म्हणाला, "मी म्हणलं, जिता हाय का न्हाई ते मला ठावं हाय."

बांगड्यांचा आवाज नसलेले घर मला खायला उठते. तिने तसे घर आपल्या हाताने केले होते.

मुलीने आमच्याकडे पाहिले नाही. तिने आईचे मनगट ओढून कानाशी धरले आणि डोळे मिटले. पत्नीचा किल्ल्यांचा जुडगा माझ्या खिशात असतो. तो वाजू नये म्हणून गाडी येईपर्यंत मी मुठीत घट्ट धरून बसलो.