तोंडवलीहून परत आलेली फ्लॉपी
“अरे, मराठी अक्षरां खंय गेली? दुपारी आमंत्रणां छापूक जावची आसत!” हेडमास्तर एवढे ओरडले की मालवणच्या धक्क्यावरचे कावळे थेट वेंगुर्ल्याला जाऊन बसले. शाळेच्या नव्या कॉम्प्युटरला मराठी येत नसे. ती शिकवणारा जोड-प्रोग्राम माझ्या मित्राने लिहून, ‘वापरा आणि पुढे वाटा’ म्हणत फुकट दिला होता, आणि मशीन चालू केलं की दर वेळी तो फ्लॉपीवरून चढवावा लागे. ती एकुलती एक फ्लॉपी मी तोंडवलीच्या शाळेतल्या ख्रिस्ती बाईंना उतरवून घ्यायला दिली होती. त्या सकाळी एसटीने ती परत आली, सुक्या बांगड्याच्या वासासकट. आत बघतो तर प्रोग्रामचा मागमूस नाही. नाताळातल्या नेवऱ्यांची, म्हणजे करंज्यांची, कृती, तीही इंग्रजी अक्षरांत! तोंडवलीची पुढची एसटी संध्याकाळी. शेवटी आम्ही सगळ्या मास्तरांनी आमंत्रणं हातांनी लिहिली. बोटं अशी वाकली की आठवडाभर घास कानात जात होता. पुढे बाई बाजारात दिसल्या, तसा मी तडकलोच, “बाई, पुसलात कित्याक?” आजही शेजाऱ्यांचा डबा धुऊन परत करताना त्यांचं थंड उत्तर ऐकू येतं : “तुझां माझ्या फ्लॉपीत काढून घेतलंय, तुझी धुवलंय. पण रिकामी कशी धाडूची रे?”