चिनी गळा

माझी आत्या दर भाऊबीजेला दारव्ह्याहून यायची आणि पाय धुवायच्या आधी कुणाला तरी वळण लावायला घ्यायची. मला ती आवडत नसे. अजूनही तिची आठवण निघाली की माझ्या कपाळाला आठी पडते.

बासष्ट सालच्या दिवाळीला मी कॉलेजात होते. नागपूरच्या मुली तेव्हा चिनी कॉलरचा ब्लाऊज घालत. उभी पट्टी, गळ्याशी घट्ट, बाजूने तिरपा उघडणारा, कापडाच्याच गाठींची बटणं. सिनेमातली फॅशन यवतमाळला पोचेपर्यंत शिळी व्हायची, पण आम्हाला तीच ताजी. दसऱ्याआधी मी शिंप्याकडे निळं कापड टाकलं. ब्लाऊज हाती आला तोवर सरहद्दीवर चीनशी लढाई पेटली होती. चौकात रेडिओभोवती गर्दी, कॉलेजात मिरवणुका. मीही घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या आणि घरी येऊन ब्लाऊजला इस्त्री केली.

दोन दिवस आधीच आलेल्या आत्याला तो खुंटीवर दिसला. हा कसला गळा, असं तिने विचारलं, आणि मी हौसेने सांगितलं, चिनी. नुसतं ‘बंद गळा’ म्हटलं असतं तर वाचले असते.

“चीनवाल्यांचा गळा आपल्या घरात नाई चालत,” ती म्हणाली.

आईच्या शिवणाच्या डब्यातली कात्री घेऊन तिने कॉलर कापली आणि बंबात टाकली. शिवण उसवायची तसदी कोण घेतो? चांगली चार बोटं खालून कापली. आई चकल्या तळत राहिली. मी रडले ते संतापाने.

भाऊबीजेला मी मुद्दाम तोच ब्लाऊज घातला. आत्याने पाट मांडता मांडता माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या तोंडाचा पट्टा पुन्हा सुरू झाला. एवढा मोठा गळा पोरीच्या जातीला शोभतो का, लाजलज्जा आहे की नाही, पदर ओढ. मी ओढला नाही.

तेवढ्यात बाबा येऊन पाटावर बसले. अंगात कचेरीत साहेबापुढे घालायचा कोट. उभी पट्टी, गळ्याशी घट्ट.

मी आत जाऊन कात्री आणली आणि तबकात निरांजनाशेजारी ठेवली.

“आत्या, बाबाच्या कोटाचा गळा बी तोच हाय. आधी काप, मंग ओवाळ.”

कुणी हसलं नाही. बाबा भांडणाला भिणारे. त्यांनी मान खाली घालून गळ्याचा हूक काढला. आत्याने लगेच वाकून तो परत लावला.

“राहू दे भाऊ,” ती म्हणाली. “थंडी हाय.”

मग कात्री माझ्या हातात देऊन तिने भावाला ओवाळलं. मी उघड्या गळ्याने शेजारी उभी होते. मला थंडी वाजते का, हे कुणी विचारलं नाही.