'बांगला' म्हणजे कुठला?

गेल्या बुधवारी, दुपारच्या चहाच्या सुट्टीत, पिंपळगाव बसवंतला माझ्या मामाच्या नव्या पॅकहाउसची फरशी बसवणाऱ्या मिस्त्रीवर अन्याय झाला. भर टपरीवर, सगळ्यांसमोर. माणूस पश्चिम बंगालमधल्या मालद्याचा. गुन्हा काय, तर एक शब्द बोलला.

तो शब्द आधी समजून घ्या. आमच्या कांदा-द्राक्षाच्या धंद्यात बांगलादेशाला कुणी बांगलादेश म्हणत नाही. नुसतं 'बांगला'. "बांगला चालू झालं का?" म्हणजे तिकडे माल घ्यायला लागले का. ढाक्यात सरकार पडलं तेव्हाही टपरीवर पहिला प्रश्न हाच होता. काठमांडूत माझ्याच वयाची पोरं रस्त्यावर उतरली, मी फोनला डोळे लावून बसलेली, आणि मामा विचारतोय, "नेपाळला कांदा जातोय ना पण?" अर्धा आशिया आमच्या टपरीवर रोज येऊन बसतो, पण बाजारभावापुरता. याचा मला राग यायचा. आता भीती वाटते. तिकडची बॉर्डर बंद राहिली, भाव पडले, की लोक चिडतात. ढाका काही कुणाच्या हाताला लागत नाही. टपरीवरचा माणूस लागतो.

बुधवारी तीन-चार पोरं मोटारसायकलवर आली आणि त्याच्या तोंडासमोर फोन धरला.

"कुठला रे तू?"

त्याला मराठी चहा मागण्यापुरतं येतं. त्यानं आपली भाषा सांगितली, आपलं राज्य सांगितलं. त्यांच्याकडे दोन्हीला एकच शब्द.

"बांगला."

"ऐकलं का? सोताच्या तोंडानं सांगतोय!"

मी ओरडले, "अरे, मालदा आपल्याच देशात आहे!"

"ताई, तुम्ही मोर्च्यांची पत्रकं वाटा. भूगोल नका शिकवू."

लोक हसले. रोज मला चहा पाजणारे लोक. आणि समजा असता तो बांगलादेशाचा, तरी माणसाच्या तोंडावर फोन धरायचा हक्क या पोरांना दिला कुणी?

पोरांनी त्याला पोलीस चौकीत नेलं. तिथं त्याचं आधार कार्ड पाहिलं, गावाकडे फोन लावून खात्री केली, संध्याकाळी सोडलं. व्हिडिओ मात्र फिरतोच आहे. वर लिहिलंय, 'पिंपळगावात बांगलादेशी सापडला, स्वतः दिली कबुली.' सोडल्याचा व्हिडिओ कोण काढतंय!

तेव्हापासून तो पॅकहाउसच्या आतल्या खोलीत बसून आहे. फरशी अर्धी झालीय, थापी तिथंच पडलीय. त्याच्या बायकोनं तिकडे मालद्यात तो व्हिडिओ पाहिला. जिवंत घरी ये, एवढंच म्हणते. उद्या मी त्याला नाशिकरोडला गाडीत बसवून देणार आहे.

वाटेत कुणी विचारलं तर? म्हणून काल मामा त्याच्याकडून उत्तर पाठ करून घेत बसला होता.

"म्हण, मी मालद्याचा हाय."

"मामा, 'आहे' शिकवा ना."

"गप गं. 'हाय' म्हणला तरच आपल्यातला वाटंल."

मिस्त्री मान डोलवून म्हणाला, "मी मालदार हाय."

त्यांच्या भाषेत 'मालद्याचा' म्हणजे 'मालदार'. मामा इतक्या दिवसांत पहिल्यांदा खदखदून हसला. "अरे, मालदार असतास तर हिकडं फरशी बसवाया आला असतास का?" मिस्त्रीही हसला, कशाला ते न कळता. एका शब्दानं त्याला चौकीत नेलं होतं. स्टेशनावर घाबरून पुन्हा भलतंच बोलला तर? तिथं हसणारा मामा नसेल.

आज सकाळी टपरीवर एका व्यापाऱ्यानं नेहमीसारखं विचारलं, "काय, बांगला चालू झालं का?"

मामानं कप खाली ठेवला. "बांगलादेश म्हण. पुरतं म्हण."

"का, पैसे पडत्यात का आखूड बोलायला?"

"पडत्यात. दुसऱ्याला."

हा माझा मामा, जो राजकारणाचा विषय निघाला की उठून जातो.

उद्या दुपारी आम्ही निघू. पिंपळगाव ते नाशिकरोड, वाटेत प्रत्येकाच्या हातात फोन. तुमच्याही गावाच्या, भावकीच्या, कॉलेजच्या ग्रुपवर तो व्हिडिओ आला असेल. नुसता पुसून गप्प बसू नका. ज्या ग्रुपवर आला त्याच ग्रुपवर, आपल्या नावानं लिहा: हा माणूस मालद्याचा आहे, चौकीनं खात्री करून सोडलाय, याला कुणी अडवू नका. आम्ही निघायच्या आत लिहा. हे वाचून खाली ठेवण्याआधी लिहा.