साडूभाऊंच्या पावत्या

आमच्या अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावात एकाच वेळी सगळ्यांत जास्त कामं कोणाची सुरू असतात, असं कुणी विचारलं तर मी डोळे मिटून माझ्या साडूंकडे बोट दाखवीन. त्यातलं पूर्ण झालेलं एखादं दाखवा म्हणालात, तर मात्र मी चहाचा विषय काढीन. त्यांच्या गराजमध्ये अर्धी रंगवलेली सायकल आहे आणि मागच्या अंगणात दोन वर्षांपूर्वी टोमॅटोसाठी अर्धा खणलेला वाफा. पोहे करायला घेतात, कांदा चिरता चिरता कांदा लावायचा कसा याचे व्हिडिओ बघत बसतात, आणि पाऊण तासाने उठतात तेव्हा पोह्यांचा लगदा झालेला असतो. एकदा आम्हाला आणायला विमानतळावर निघाले ते पोहोचलेच नाहीत. आम्ही टॅक्सीने घरी आलो, तर हे आमच्या दारात नवी कोरी शिडी घेऊन उभे. "साडूभाऊ, तुम्ही मागे म्हणाला होता ना, छपराच्या पन्हळीतली पानं काढायचीत? वाटेत सेल दिसला," म्हणाले. मी ते सहा महिन्यांपूर्वी म्हणालो होतो आणि स्वतः विसरलो होतो. आता अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

या सगळ्याला एडीएचडी म्हणतात हे कळलं तेही त्यांच्याच पद्धतीने. त्यांच्या लेकीच्या शाळेतून पालकांसाठी एक प्रश्नावली आली होती: वस्तू हरवते का, काम अर्धवट सोडते का, समोरचा बोलत असताना लक्ष दुसरीकडे जातं का. साडूभाऊंनी ती कधी नव्हे ते एका बैठकीत, उदाहरणांसकट भरली. माझ्या मेहुणीने वाचली आणि म्हणाली, "अहो, यात तिचं काहीच नाही. हे सगळं तुमचं आहे." लेक ठणठणीत निघाली. डॉक्टरांनी शिक्कामोर्तब केलं ते सेहेचाळीस वर्षांच्या वडिलांवर.

मग गोळ्या आल्या, आणि दिवस कसा आखावा हे शिकवणारी एक कोच आली. इन्शुरन्सने कोचच्या फीला हात लावायला नकार दिला. दोन्ही घरांचे टॅक्स दर मार्चला मी भरतो, कारण मी किराण्याच्या पावत्यासुद्धा महिन्यावार फायलीत लावणारा माणूस आहे. (हाही आजारच आहे, असं आमच्या सौ.चं मत.) त्या वर्षी मेहुणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे त्यांचा औषधोपचाराचा खर्च करातून वजावट मिळण्याइतका झाला होता. कोचची फीही त्यात धरता आली असती, पण त्यासाठी पावत्या हव्यात आणि ही कोच उपचाराचाच भाग आहे असं डॉक्टरांचं पत्र हवं, असं मी सांगितलं.

"म्हणजे ज्याला कागद सांभाळता येत नाहीत, त्याने ते सिद्ध करायला वर्षभर कागद सांभाळायचे?" साडूभाऊ म्हणाले. "आणि त्या पत्रात डॉक्टरने डिसॅबिलिटी लिहिलंय. मी कुठला डिसेबल्ड, बाप्पा? मी एका वेळी चार कामं करतो."

"सुरू करता," मेहुणी किचनमधून म्हणाली.

डॉक्टरांनी कोच सुचवतानाच दिलेलं ते पत्र अर्थातच हरवलं होतं. दुसरं मागवा म्हटलं, तर म्हणाले, "विसराळूपणाचं पत्र विसरलो हे डॉक्टरला कुठल्या तोंडाने सांगू? जाऊ द्या. रिफंड नाही तर कोच बंद, सिंपल." एवढं बोलून ते अंगणात वाफा बघायला निघून गेले. तेव्हा मेहुणी हळूच माझ्याजवळ आली. "भाऊजी, काहीतरी करा. कोच आल्यापासून वर्षभरात एकदाही हे लेकीला क्लासवरून आणायला विसरले नाहीत. ती आता दाराशी उभी राहून मला फोन करत नाही." त्यानंतर मला तो टॅक्सचा फॉर्म साधा फॉर्म वाटेना.

आम्ही सगळं घर पालथं घातलं. 'मेडिकल' असं लिहिलेल्या पाच फायली सापडल्या, पाचही रिकाम्या. फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीखाली एक प्रिस्क्रिप्शन मिळालं. शेवटी मी थकून विचारलं, "साडूभाऊ, पत्र हातात आल्यावर तुम्ही पहिलं काय केलं?"

"देवापुढे ठेवलं," ते सहज म्हणाले. "आमच्या नागपूरला महत्त्वाचा कागद आधी देवापुढेच जातो. मार्कलिस्ट, ऑफर लेटर, व्हिसा. तिथे ठेवला की आपलं काम संपलं."

देव्हारा गणपतीत हलवला होता, आणि त्याच्याखालचं सगळं मखराच्या खोक्यात गेलं होतं. गराजमध्ये ते खोकं उघडलं. दिव्यांच्या माळांखाली, लाल कापडात, जानेवारीपासूनच्या पावत्या निघाल्या, हळदीकुंकवाचे डाग पडलेल्या. गणपतीनंतरच्या देव्हाऱ्याखालीच होत्या. मी त्या दोनदा लावून पाहिल्या. एकही कमी नव्हती. सकाळची पूजा त्यांनी आठव्या वर्षापासून कधी चुकवली नव्हती, आणि पावत्या तिच्यामागून बिनबोभाट चालत आल्या होत्या. मी ज्याला अव्यवस्था म्हणत होतो ती फक्त मला ठाऊक नसलेली फाईल होती. मला जरा लाज वाटली.

पत्र सगळ्यांत खाली होतं. गराजमध्येच उभे राहून साडूभाऊ ते वाचू लागले, इंग्रजीतून मराठी करत, कुणाला तरी समजावून सांगावं तसं. "हा त्रास लहानपणापासूनचा आहे. प्रयत्न कमी पडल्यामुळे हे होत नाही." ते वाक्य त्यांनी पुन्हा एकदा वाचलं. त्यांचे वडील गणिताचे मास्तर. मुलगा मनात आणत नाही, नाहीतर काय वाट्टेल ते करील, हे त्यांचं आयुष्यभराचं मत. ते जाऊन नऊ वर्षं झाली.

रिटर्न वेळेत गेला आणि कोच राहिली. पत्र स्कॅन करायला मागितलं तेव्हा साडूभाऊ म्हणाले, "एक कॉपी जास्तीची काढा."

परवा गेलो तेव्हा ती देव्हाऱ्यात दिसली. तिथे त्यांच्या वडिलांचा फोटो असतो, त्याच्याच पुढ्यात. कॉपी आपल्याला उलटी दिसते. अक्षरं फोटोच्या बाजूने वाचता येतील अशी ठेवली आहेत.