सलाम नसलेलं पत्र

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी आमची चर्चची मंडळी फुटली. भांडणानं नव्हे, पोटानं. सहा ख्रिस्ती घरं कर्जतच्या बाजूला तलावाच्या कामावर गेली आणि उरलेले आम्ही सुप्याजवळ रस्त्याची खडी फोडत राहिलो. कामाला सुट्टी बाजारच्या दिवशी, रविवारी हजेरी. म्हणून उपासना रविवारी दुपारी, कामावर मिळणारी सुकडी खाऊन झाली की बाभळीखाली. हात इतके भरून आलेले असत की गीतांचं पुस्तक धरवत नसे.

कर्जतकडून निरोप आला, तिथल्यांनी उपासनेला जमणंच सोडलंय. आमचे पाळकसाहेब दम्यानं बेजार. ते मला म्हणाले, "बायबलातल्या प्रेषितांनाही दूरच्या मंडळ्यांकडे जाता येत नसे, तेव्हा ते पत्रच पाठवायचे. तू लिही. आधी इथं वाच, मग पाठवू."

माझे वडील बाजारात धर्मपत्रिका वाटायचे. त्यांच्या पिशवीतल्या कागदांवर मी वाचायला शिकलो आणि त्या वर्षी मजुरीबद्दल तावातावानं पत्रकं लिहीत होतो. हे पत्रही तसंच झालं. चार पानं. विश्वासात ढिले पडणाऱ्यांना जाब विचारला, मुकादमाला झोडपलं, सरकारलाही सोडलं नाही.

रविवारी वाचून दाखवलं. एकजण हातोडीवर हात ठेवून झोपला होता. मग आत्याबाई बोलल्या. त्यांची लेक आणि जावई त्या सहा घरांत होते.

"सलाम कुटं हाय?"

"कसला सलाम?"

"शेवटचा. प्रेषितांच्या पत्रात नसतो व्हय? ह्याला सलाम, तिला सलाम, त्याच्या आईलाबी सलाम. उपासनेत वाचताना तू तेवढंच गाळतुस. मला वाटायचं, पोराला दम लागत आसंल."

बायका हसल्या. खरंच मी ती यादी गाळत असे. म्हणालो, "आत्या, त्यात शिकवण काय आहे?"

"शिकवन मुकादम रोज देतोय की! लेक माझी तिकडं माती वाहतीय. तिला सलाम गेला, तर कळंल तिला, हितं आपली जागा हाय आजून."

एरवी मी वाद घातला असता. त्या दुपारी तेवढं त्राण नव्हतं. ती जुनी पत्रं मी जाहीरनामे समजत आलो होतो. ती थकलेल्या माणसानं थकलेल्या माणसांना लिहिली होती, हे मला पाठीत कळ आल्यावर सुचलं.

पेन्सिल काढली. एकेक जण सांगू लागला. कुणाचा मेव्हण्याला सलाम, कुणाचा शेजारणीला.

"जावयालाबी लिव्ह," आत्याबाई म्हणाल्या. "बोलत न्हाई मी त्याच्याशी. तरी लिव्ह."

जागा पुरेना. मी पहिली दोन पानं खोडून त्यांच्या कडेनं लिहिलं. कुणी अडवलं नाही.

खडीच्या ट्रकवाल्याबरोबर पत्र गेलं. महिन्याभरानं उत्तर आलं, तेही बहुतेक सलामच. जावयाचा सासूबाईंना सलाम. खाली एक ओळ: रविवारी दोन घरं उपासनेला बसतो.

"दोनच?" आत्याबाईंनी विचारलं.

"दोनच."

त्या जवळ सरकून बसल्या. म्हणाल्या, "परत वाच."

मी पुन्हा वाचलं, एकही सलाम न गाळता. तेवढ्यात शिट्टी झाली आणि आम्ही हातोड्या उचलल्या.