गुणसूत्रांचा डॉक्टर

आमच्या मामेसासऱ्यांनी जेवढे डॉक्टर पाहिले, तेवढे साऱ्या खानदेशात दुसऱ्या कुठल्या निरोगी माणसाने पाहिले नसतील. म्हसावदला त्यांची केळीची बाग, तब्येत ठणठणीत, आणि सहा वर्षांची नात मात्र चालता चालता खाली बसू लागलेली. रोगाचं नाव कुणाला सांगता येईना. नंदुरबार जिल्हा म्हटलं की जो तो आधी सिकलसेलची तपासणी करी, आणि त्यात काही निघालं नाही की हात झटकी. मामा मात्र प्रत्येकाला केळीची फणी देऊनच उठत. लग्नाला गेले तरी नवरानवरी सोडून पंगतीत डॉक्टर शोधत. शहाद्याला असाच एक सापडला. ताटातली जिलबी तशीच ठेवून मामांनी त्याला नातीची सगळी हकीकत ऐकवली, तेव्हा तो गुरांचा डॉक्टर निघाला. मला हसू आवरेना. मामा गंभीरपणे म्हणाले, "हासू नका, जवाईबापू. ढोर काय तोंडे सांगस का? या डॉक्टरले न सांगता समजस."

मग नाशिकच्या एका डॉक्टरने शुद्ध मराठीत सांगितलं, "गुणसूत्रांचे डॉक्टर गाठा." आमच्याकडे औषध लागू पडलं की गुण आला म्हणतात. मामांना वाटलं, ज्याच्या हाताला गुण तो गुणसूत्राचा डॉक्टर. भेटेल त्याला ते विचारू लागले आणि लोकही मनापासून पत्ते देऊ लागले. नातीला मांडीवर घेऊन, जीपने घाट चढून ते धडगावकडच्या एका हाडवैद्याकडे गेले. त्याने पाय ओढले, पोर कळवळली, गुण काही आला नाही. असं वर्ष गेलं आणि पोरीचं चालणं थांबलं.

शेवटी खरा डॉक्टर मुंबईत सापडला, म्हणजे सापडल्या, बाई होत्या. मी बरोबर होतो. त्यांनी रोगाचं नाव सांगितलं, तो जन्मापासूनचा आहे हे सांगितलं, आणि त्यावर औषध नाही हेही सांगितलं. मामांनी एकच विचारलं, "वर्षभर आधी आणली असती तर?"

"तरी नव्हतंच," बाई म्हणाल्या.

मामांनी केवढा तरी श्वास सोडला. त्यांचा तो सुटका झाल्यासारखा चेहरा मला बघवेना.

परतीच्या गाडीत नात त्यांच्या मांडीवर होती. "आबा, डॉक्टर सापडी गया का?"

"सापडी गया, बेटा."

"मंग आते दुसराकडे नही ना जानं?"

"नही."

ती इतकी खूश झाली, की नवापूर येईपर्यंत खिडकीतून दिसेल त्या स्टेशनाचं नाव मोठ्याने वाचत राहिली, आणि मामा प्रत्येक नावाला "हा, बेटा" म्हणत राहिले.