मोहाखालचा एकांत

फादरांनी आम्हा वसईच्या पोरापोरींना शहापूर तालुक्यात शेणव्याच्या पलीकडच्या एका पाड्यावर नेलं ते दोन कामांसाठी. सकाळी सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मातीने भरून ओढ्यावर बंधारा घालायचा आणि दुपारी आत्म्याची मशागत करायची. सकाळी सगळे खूश असत. खांद्यावर गोणी आली की कुणाला आपली पापं आठवत नाहीत. पंचाईत दुपारची होती. प्रवचनानंतर प्रत्येकाने एकेक झाड धरायचं आणि तासभर एकट्याने देवापुढे बसायचं. मोबाइल फादरांच्या पिशवीत.

मला तर हा तास हवाच होता. मला सिस्टर व्हायचं होतं, दवाखान्यातली नाही, मठातली. शिबिरात आमच्याबरोबर आलेल्या सिस्टर रविवारी मिस्सेच्या प्रार्थनेनंतर माझं उत्तर विचारणार होत्या, घर सोडून कॉन्व्हेंटमध्ये येतेस की नाही. घरी हा विषय काढल्यापासून आईने अबोला धरला होता. हीच आई रोज संध्याकाळी जपमाळ हातात घेऊन 'आमच्या गावातून सिस्टर होऊ देत' असं देवाला साकडं घालते. त्या शेजारच्या घरातून व्हाव्यात, एवढंच तिचं म्हणणं! निघताना मीही तिच्याकडे बघितलं नाही. म्हटलं, बस रुसून.

तर मी पाड्यामागचं मोहाचं झाड धरलं, डोळे मिटले, 'प्रभू, बोल' म्हटलं आणि फट् फट् फट् आवाज सुरू झाला. डोळे उघडले तर समोर एक म्हातारी, हातात सूप, नागली म्हणजे नाचणी पाखडतेय.

"एकली का बसलीस गो? कुनाशी भांडलीस?"

"नाही आजी, प्रार्थना करतेय."

"मंग तोंड कशाला पाडलंस?"

त्या पाड्यावर झाडाखाली एकटं बसलेलं माणूस म्हणजे घरात भांडून आलेलं, नाहीतर आजारी. त्याला एकटं सोडायचं नाही, अशी तिथली रीत. बाकीच्यांचीही तीच गत. एका मुलाच्या दोन बाजूंना दोन आजोबा येऊन बसले आणि त्याच्या डोक्यावरून म्हसा गावच्या जत्रेतल्या घोंगड्यांच्या गप्पा सुरू झाल्या. यांना एकटं राहू द्या, असं फादर हात जोडून सांगत फिरत होते. लोक माना डोलवत आणि फादर वळले की पुन्हा येऊन बसत. पाहुण्याला एकटं टाकायचं म्हणजे काय!

दुसऱ्या दिवशी मी झाड बदललं. म्हातारी आली. तिसऱ्या दिवशी ओढ्याच्या वरच्या अंगाला कातळामागे जाऊन बसले. तिथेही आली, वर मलाच ओरडली, "केवढं चालवतेस गो म्हातारीला!" आणि उठताना दर वेळी तेच पालुपद, "घरी जा. आयशीशी बोल." आईबद्दल मी तिला चकार शब्द सांगितला नव्हता. असा राग यायचा मला! देव बोलायचं नाव काढत नव्हता आणि ही गप्प बसायचं.

शनिवारी मी पुन्हा मोहाखाली बसले आणि म्हातारी तिथेही आली तेव्हा मी फणकारलेच. "आजी, घर सोडायचं की नाही ते उद्या मला सांगायचंय. देवाला विचारतेय. तुम्ही बोलत राहिलात तर मला तो कसा ऐकू येणार?"

ती वरमली. वाटलं, सुटले. पण ती गेली नाही. सूप घेऊन जराशी लांब सरकली आणि माझ्याकडे पाठ करून बसली.

"विचार तू. मी नाय बोलत. मी हाय हितं."

आणि खरंच बोलली नाही. पाखडलंसुद्धा नाही. नागली सुपात तशीच, सूप मांडीवर तसंच. माशी आली तर पदराने हळूच हाकली. मी त्या पाठीकडे बघत बसले आणि मला आई दिसली. अबोला धरूनही ती रोज माझा डबा भरायची, तोंड ओट्याकडे, पाठ माझ्याकडे. निघाले त्या पहाटेही माझ्या बॅगेत तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी होती. मी रागाने ते सगळं इतरांना वाटून टाकलं होतं, स्वतः घासही न घेता. मला रडूच फुटलं. चांगली हमसाहमशी रडले. म्हातारीने वळून पाहिलं नाही. फक्त बसल्या बसल्या थोडी मागे, माझ्याकडे सरकली.

रविवारी सिस्टरांनी विचारलं. मी म्हटलं, "आधी घरी जाते, सिस्टर. आईशी बोलते. मग सांगते."

"ये बोलून," त्या म्हणाल्या. "घरी भांडून आलेल्या आमच्याकडे आधीच पुष्कळ आहेत."

शहापूरला जाणाऱ्या जीपमध्ये सामान चढत होतं तेव्हा म्हातारी आली. नागलीची पुरचुंडी माझ्या हातात कोंबली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "काय बोलला गो तुझा देव?"

"घरी जा म्हणाला. आईशी बोल म्हणाला."

म्हातारीने कपाळावर हात मारून घेतला.

"मंग मी काय वेगलं सांगत व्हते!"